अकराव्या तावावरचं तळं

४ मार्च

दादा,

मायना काय लिहावा यात दोन दुपारी गेल्या. ‘प्रिय’ लिहिलं तर तू म्हणशील, एकेचाळीस वर्षांनी आज कुठून माया उतू चाललीय. ‘तीर्थरूप’ लिहावं एवढा तू मोठा नाहीस, सातच वर्षांनी मोठा आहेस. म्हणून नुसतं दादा.

तुझा पत्ता मी शोधला नाही, तो आपणहून चालत आला. आमच्या कार्यालयात मोजणीची जुनी दुर्बीण आहे, तीन पायांवर उभी राहते ती. तिची काच हलली म्हणून दुरुस्तीला दूर पाठवली होती. परत आली तेव्हा पेटीत दुकानाचा पत्ता छापलेली एक चिठ्ठी होती: ‘काच बसवली. स्क्रू बदलले ७.’ त्या सातची शेपटी पार खालच्या ओळीत उतरली होती. असा सात जगात एकच माणूस काढतो, आणि त्यापायी त्याने बाबांची पट्टी खाल्लेली आहे. मी चिठ्ठी घेऊन मटकन खाली बसले. नव्या मॅडमना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी पाणी आणलं, मी पण मुकाट्याने प्याले.

तर मी इथेच आहे. तीच इमारत, तीच नकाशांची खोली, उत्तरेच्या खिडक्या, सपाट खणांची लाकडी कपाटं. आपल्या डोंगराळ जिल्ह्याचे चोवीस ताव या खणांमध्ये आडवे पडलेले असतात. दुपारी सामसूम झाली की मी एखादा खण ओढते आणि उंचीच्या रेषा बघत बसते. एकात एक, एकात एक, दुधावर साय धरताना सुरकुत्या पडतात तशा. बघता बघता कागद फुगतो, डोंगर वर येतो, धुक्याचा ओला वास येतो. मॅडम दारातून विचारतात, “बाई, डोळा लागला का?” मी म्हणते, “नाही हो, चढत होते.” आता त्यांना सवय झालीय.

बाबा गेले. अकरा वर्षं झाली. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण नमनाला घडाभर तेल ही आपल्या घरची जुनी खोड आहे.

लिहायचं कारण वेगळंच आहे. जुन्या तावांचे फोटो काढून ते मशीनवर चढवायचे आहेत, म्हणजे कोणालाही कुठूनही दिसतील. प्रत्येक तावासोबत त्याची दुरुस्तीची नोंदही जाणार. आपल्या दुरुस्तीच्या वहीत तीन रकाने आहेत: चूक काय, कशातली, कोणाची. अकराव्या तावापुढे बाबांच्या अक्षरात लिहिलंय: ‘खिंडीतली पायवाट तळ्याच्या डावीकडे दाखवली, प्रत्यक्षात उजवीकडे. मोजणीतली चूक. थोरला.’ ही ओळ खरी आहे अशी सही मे अखेरीपर्यंत मी करायची. मग ती कायमची. जून अखेरीला मी निवृत्त होते, म्हणजे ही माझी जवळजवळ शेवटची सही.

म्हणून सहज विचारते. त्या खिंडीत तू स्वतः गेला होतास ना? जमलं तर दोन ओळी लिही.

तुझी बहीण

२२ मार्च

दादा,

उत्तर नाही. पोस्टमनकाकांपाशी कुरकुर केली, तर ते म्हणाले, “पत्र परत आलं का?”

“नाही.”

“मग पत्ता बरोबर आहे. माणूस वाचतोय. वाचणाऱ्याला घाई करू नये.”

पोस्टमनकाका म्हणजे तेच, चोवीस वर्षांचा नवा पोस्टमन, खिंडीतून पडला तो. आता पासष्टीचे आहेत. निवृत्त होऊनही रोज अकराला नकाशांच्या खोलीत चहाला येतात आणि जाताना माझी पत्रं पेटीत टाकतात, हात शिवशिवतात म्हणे. त्यांचा उजवा गुडघा तेव्हापासून वाकत नाही. जिन्यावर एक पाऊल पडतं आणि दुसरं ओढलं जातं. तो आवाज आला की माझी लेखणी कागदावर थांबते, आणि ते आत येऊन “काय म्हणतायत डोंगर?” असं विचारेपर्यंत पुढे सरकत नाही. इथे लागल्यापासून बत्तीस वर्षांत एकदाही सरकली नाही.

त्या वर्षी काय झालं ते तुला मी काय सांगू. अकरावा ताव छापून आला, पोस्टात भिंतीवर लागला, आणि महिना व्हायच्या आत काका धुक्यात तळ्याच्या डावीकडून गेले ते कड्यावरून घसरले. चौकशीचे साहेब आले. नकाशा बघून गेलास का, असं त्यांनी विचारलं आणि काका हो म्हणाले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आपल्या जेवणाच्या टेबलावर होती. “तू वर गेलाच नाहीस,” बाबा तुला म्हणाले. “खाली चहा पीत बसलास आणि मनाने रेषा ओढल्यास. तुझ्या आळसाने एका पोराचा पाय गेला.” आठवड्याने तू पिशवी घेऊन निघालास. मी वरच्या खिडकीत होते. तू वळून बघितलं नाहीस, हे बरंच झालं. मी तेव्हा पंधरा वर्षांची पोर, मला काय कळत होतं.

तू गेल्यावर बाबांनी तुझं नाव काढलं नाही, पण जेवणाच्या टेबलावरची तुझी खुर्चीही हलवली नाही. बाबांच्या डोळ्यांचं तुला ठाऊक होतंच. तेव्हाच त्यांना बारीक रेषा दुहेरी दिसायच्या. आरेखकाचे डोळे गेले म्हणजे सगळंच गेलं, म्हणून ते ताव घरी आणायचे आणि बारीक कामावर शाई मी भरायची. कार्यालयात कळलं असतं तर बाबांची नोकरी गेली असती. नकाशाच्या कोपऱ्यात बाबांचं नाव, मोजणीत तुझं नाव, आणि माझं कुठेच नाही म्हणून मी केवढी रुसले होते! तू म्हणाला होतास, “थांब ठिपके, तुझं नाव कुठेतरी घालतो.” मी शाईचे ठिपके पाडायचे म्हणून मी ठिपकी. त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही.

दुपारी पेंगताना मला एक स्वप्न पडतं. मी उंचीच्या एका रेषेवरून चालतेय, अनवाणी. रेषेवरून चालणाऱ्याला ना चढ लागतो ना उतार. डोंगराला वळसा घालत जायचं, धुकं गुडघ्यापर्यंत, खालून कुठूनतरी पाण्याचा आवाज. खूप छान वाटतं. मग समोर तोच दगड येतो जिथून मी निघाले होते, आणि मी परत पहिलं पाऊल टाकते. दादा, मला या स्वप्नाचा फार कंटाळा आलाय.

तुझी बहीण

९ एप्रिल

दादा,

गेली दोन पत्रं मी कोऱ्या चेहऱ्याने खोटं लिहिलं. मला सगळं कळत होतं. पंधराव्या वर्षी जेवढं कळायला हवं त्याहून जास्त.

तू वर गेला होतास. तुझा कच्चा ताव माझ्याकडे आहे. आपल्या जुन्या घरातल्या खालच्या खणात, अस्तराच्या कागदाखाली तो नऊ वर्षं होता. मग मी इथे लागले तेव्हा तो इथल्या खालच्या खणात, अस्तराच्या कागदाखाली आणला. जिल्ह्याचे नकाशे सांभाळायला मला ठेवलंय! कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. आज तो काढून समोर ठेवलाय. तुझी पेन्सिल, चहाच्या कपाचा एक गोल, आणि कडेला माझं चित्र, नाकासकट. पायवाट तळ्याच्या उजवीकडे आहे. ती नेहमीच उजवीकडे होती.

चूक कशी झाली ते नीट लिहिते, कारण ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. कच्च्या तावावर ट्रेसिंगचं कापड ठेवून रेषा उतरवायच्या, मग ते कापड पक्क्या तावावर ठेवून गिरवायच्या. कापड दोन्ही बाजूंनी आरपार दिसतं. खिंडीचा तो तुकडा तळहाताएवढा, त्यात एक तळं, एक वाट, दोन बाजूंना सारखेच चढ. नाव एकही नाही. एखादं अक्षर असतं तर उलटं दिसलं असतं आणि मी सावध झाले असते. मी कापड पालथं ठेवलं.

एवढंच असतं तर त्याला चूक म्हटलं असतं. पण कडेला आल्यावर चार रेषा जुळेनात. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढ्या सरकलेल्या. बाबांचा पहिला नियम तुला आठवतो? ‘रेषा जुळत नसेल तर हात थांबव. डोंगर चुकत नाही, आपण चुकतो.’ मला नियम पाठ होता. पण दुसऱ्या दिवशी ताव द्यायचा होता, आणि मला बाबांची शाबासकी हवी होती. मी रेषा वळवून जुळवल्या. इतक्या सफाईने जुळवल्या की बाबांनी भिंग लावून बघितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

काकांनी चौकशीत नकाशाचं नाव घेतलं त्या दिवशी मी कापड कच्च्या तावावर ठेवून पाहिलं. पक्क्या तावावर ज्या बाजूने गिरवलं होतं त्या बाजूने ते बसेना, उलटवलं तेव्हा बसलं. तेवढ्यात बाहेरून बाबांची हाक आली, “कच्चा ताव कुठाय?” मी तो अस्तराखाली सारला आणि ओरडले, “दादाने नेला!” आणि तू दारातच उभा होतास. बाबांनी तुला विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस. माझ्या बोटांना शाई होती. मग तू म्हणालास, “हो. माझ्याकडून हरवला.”

ते बघणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, दादा. त्यात राग असता तर मी सुटले असते.

अजून एक आहे. शेवटच्या आठवड्यात बाबा मला म्हणाले, “पोरगा खरंच वर गेला नसेल का गं?” मी त्यांची उशी सारखी करत होते. म्हटलं, “काय माहीत.” पहिलं खोटं पंधरा वर्षांच्या मुलीचं होतं. हे पंचेचाळीस वर्षांच्या बाईचं होतं. बाबांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

आणि बाटली. उंची मोजून झाली की मोजणारा माथ्यावर दगडांची रास रचतो आणि तिच्याखाली बाटलीत तारीख आणि नाव लिहून ठेवतो, हा बाबांच्या हाताखालच्या सगळ्यांचा रिवाज. ‘जाऊन बाटली बघून या,’ एवढं म्हटलं असतं तरी निकाल लागला असता. बाबा म्हणाले नाहीत, कारण त्यांना खात्रीच होती. तू म्हणाला नाहीस, कारण मग बोट माझ्याकडे वळलं असतं. आणि मी मूग गिळून बसले. बाटलीचं तिघांनाही ठाऊक होतं आणि एकही जण डोंगर चढला नाही.

मी जाणार आहे. मे महिन्यात खिंडीतलं बर्फ वितळतं. छप्पन्न वर्षांत मी हजार डोंगर शाईने काढले, चढले एकही नाही. वाट माहीत असलेला एकच माणूस मला माहीत आहे. त्याचा गुडघा वाकत नाही, आणि तो का वाकत नाही हे मला त्याला सांगायचं आहे.

ठिपकी

१९ मे

दादा,

जाऊन आले. पायांची अशी अवस्था आहे की खुर्चीत बसताना “आई गं” आणि उठताना “बाबा रे” निघतं, सगळं घराणं आठवतं.

काका म्हणाले होते, “मी हळू चालतो, तुम्ही त्याहून हळू चालाल, जोडी जमेल.” खरंच जमली. सकाळी निघालो. वर जाताना मला वारंवार वाटत होतं की मी इथे येऊन गेलेय. ओढा वळायच्या आधी मला तो वळणार हे माहीत असायचं. धुकं खालून वर येत होतं, पांढरं, सावकाश, आणि त्यातून एकेक धार अशी उमटायची जशी कागदावर शाई भरताना उमटते. आवाज नव्हता. काकांचं एक पाऊल आणि एक ओढणं, माझा श्वास, बस्स. मी जागी आहे की खणापाशी बसलेय हे दोनदा स्वतःला विचारलं. मग ठेच लागली आणि उत्तर मिळालं.

तळं दिसलं तेव्हा मी थांबले. वाट उजवीकडून जात होती, अगदी निवांत, जणू तिच्यावरून कधी भांडणच झालं नाही. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

“काका, नकाशातली ती चूक माझी होती. दादाची नाही.”

“कुठला नकाशा?”

“भिंतीवरचा! तुम्ही जो बघून गेलात आणि पडलात!”

काका माझ्याकडे बघतच राहिले. “अहो बाई, नकाशा कोण बघतं? मला आधीच्या पोस्टमनने पंधरा दिवस बरोबर फिरवून वाट दाखवली होती. डोळे मिटून गेलो असतो. स्वयंपाकघरात जाताना कोणी नकाशा घेतं का?”

“मग डावीकडे कशाला गेलात?”

त्यांनी टोपी काढली. पासष्ट वर्षांचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा लाजला. “तिकडे रानबदकं अंडी घालायची. मला ती बघायची होती. धुक्यात दगड निसटला. चौकशीला साहेब आले, आता ड्यूटीवर, टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन बदकं बघत होतो असं सांगू? नोकरीला तीन महिने झालेले. साहेबच म्हणाले, नकाशा बघून गेलास का? बुडत्याला काडी मिळाली. हो म्हणालो.” मग टोपी परत घालत म्हणाले, “पण त्याने कोणाचं काय बिघडलं?”

मी सांगितलं काय बिघडलं ते. ते दगडावर बसले. “मला वाटलं थोरल्याला कुठे नोकरी लागली म्हणून गेला. देवाशपथ. एवढी वर्षं तुमच्याकडे चहा पितोय मी.” त्यांचे डोळे भरून आले, आणि माझे तर कधीचेच वाहत होते. मग मधेच मला हसू फुटलं, ते आवरेना. आपल्या घराला वाटायचं सगळं जग नकाशा बघून चालतं! बाबांनी तुला विचारलं, तावाला विचारलं, भिंगाला विचारलं. पोस्टमनला कोणी विचारलंच नाही.

माझी चूक त्याने कमी होत नाही, दादा. माझ्या रेषेने काकांचा पाय मोडला नाही, पण माझ्या तोंडच्या दोन शब्दांनी आपलं घर मोडलं. त्याला बदकं काय करणार.

मग मी एकटी माथ्यावर गेले. रास अजून आहे, शेवाळाने हिरवी झालेली. खालचा दगड ओढताना नखं तुटली. बाटली मिळाली, बूच मेणाने बंद केलेलं. आत तुझी चिठ्ठी, पेन्सिलीची, म्हणून टिकली. तारीख. उंची. तिच्यात एक सात आहे, शेपटीसकट. आणि खाली:

‘मोजणी: थोरला, एकटाच. शाई: ठिपकी.’

शाई भरायला अजून महिना होता तेव्हा. तू आधीच लिहून ठेवलंस. माझं नाव कुठेतरी घालतो म्हणाला होतास ते खरंच घातलंस, आणि त्यानंतर काही महिन्यांतच मी तुझं नाव त्या वहीत घालवलं. मी तिथे किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. खालून काका ओरडत होते, “बाई! आहेत अजून! बदकं आहेत!”

काल सोमवारी वही उघडली. बाबांची ओळ खोडली नाही, तिच्याखाली लिहिलं: ‘मोजणी बरोबर होती. कच्चा ताव सोबत जोडला आहे. शाईतली चूक, आणि नंतर लपवली. ठिपकी, आरेखकाची मुलगी.’ पुढे माझं कागदोपत्री नाव आणि सही. मॅडम म्हणाल्या, “बाई, निवृत्तीच्या तोंडावर हे कशाला? तुमच्या निरोपाची पाटी करायला दिलीय. ‘एकही चूक नाही’ असं लिहिलंय त्यावर!” मी म्हटलं, “मग पाटी दुरुस्तीच्या वहीत चढवा.” त्या हसल्या नाहीत. बाबांनी घरी ताव आणल्याचंही आता उघड होईल. वाईट वाटतं, पण बाबांचं नाव उजळ ठेवायला तुझं नाव किती दिवस काळं ठेवायचं? पाटी बहुतेक रद्द होईल, आणि मला आज किती हलकं वाटतंय हे त्यांना कसं समजावू?

चिठ्ठी मी बाटलीत घालून परत तिथेच ठेवली. ती तिथली आहे. तिचा खालचा अर्धा भाग कोरा आहे. क्षमा मागायला मला तोंड नाही, पण मागते. ये, दादा. एकदा येऊन त्या कोऱ्या जागेत आजची तारीख घाल. नाही आलास तरी मी समजेन, पण वाट बघेन.

तुझीच,
ठिपकी

८ जून

दादा,

तुझी चिठ्ठी आली. काका पोस्टात जाऊन स्वतः घेऊन आले, कोणाला हात लावू दिला नाही. जिन्यावर एक पाऊल पडलं, एक ओढलं गेलं, आणि आज माझी लेखणी थांबली नाही.

दुकानाच्या पावतीच्या मागे एकच ओळ लिहिलीस, कंजूष कुठला: ‘१७ तारखेला निघतो. तळ्यापाशी आलं की कुठल्या बाजूने? की तू सांगशील त्याच्या उलट?’ सतराचा सात बघून मॅडमनाही हसू आलं. काका म्हणतात, पिल्लं पाण्यात उतरली आहेत, तोवर ये.

उजवीकडून, दादा. कापड सुलट धरून, दोनदा बघून लिहिलंय.

ठिपकी